गणिताच्या खोलीसाठी गावकरी व मुंबईकर मंडळींना आवाहन

सप्रेम नमस्कार.

गणपती तोंडावर आलेत, भजनाच्या पाळ्या अजून लागायच्या आहेत, तरी हे आधी लिहितोय. शाळेत मुलांना हाताने गणित करता यावे म्हणून एक खोली तयार करायची आहे. त्याबद्दलच्या मागच्या दोन संदेशांना व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा भरपूर उमटल्या, उत्तरे मात्र चार आली.

आपल्या मराठी शाळेसाठी हात आखडणारे हे गाव नव्हे. जून २०२० च्या निसर्ग वादळात शाळेची कौले उडाली, तेव्हा टाळेबंदी होती, मुंबईत कित्येकांचे पगार निम्म्यावर आले होते. तरी मुंबईकरांनी पैसे पाठवले. खालच्या वाडीतल्या सुतारदादांनी वासे बदलले आणि मजुरी म्हणून फक्त चहा घेतला, तोही बिनसाखरेचा. वरच्या वाडीतल्या आजी कधी शाळेत गेल्या नाहीत, पण पहिली पाचशेची नोट त्यांचीच. आज त्या नाहीत. महिला बचत गटाने दोन वर्षे पोषण आहाराची भांडी पुरवली, हेही विसरता येणार नाही.

आता गणिताचे. मे महिन्यातल्या सभेत वाद चांगलाच पेटला. जुनी मंडळी म्हणाली, आम्ही पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीडचे पाढे, घोकले म्हणून हिशेबात फसलो नाही. आताच्या पोरांना पाढेच येत नाहीत. बाईंनी चौथीतली एक वही नाव झाकून दाखवली. ४२ वजा १७, उत्तर ३५. दोनातून सात जात नाहीत म्हणून पोराने सातातून दोन काढले होते! याच मुलाला सतराचा पाढा घडाघडा येतो. पाढे हवेतच, पण दशक मोडून सुटे करणे त्याने हाताने कधी केलेच नव्हते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’सोबत ‘वीस सात’ आले, तेव्हा पारावर आपण किती हसलो. लिहिताना आधी दोन, बोलताना आधी सात, यात लहान मूल अडखळते, हे गणितज्ञ मंगला नारळीकर सांगत होत्या ते त्या वहीने पटवले.

पाच वर्गांना शिक्षक दोन, त्यातले एक अधूनमधून मतदारयादीच्या कामाला. पट २३. वीसच्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा विषय २०२३ मध्ये निघाल्यापासून हा आकडा झोप उडवतो. देवळाच्या कळसाला दोन दिवसांत वर्गणी जमली, आनंदच आहे. शाळेसाठी बोलावलेल्या सभेला अकरा जण होते. ज्यांची मुले व्हॅनने इंग्रजी शाळेत जातात त्यांनाही हे पत्र आहे. तुम्ही याच ओट्यावर बसून शिकलात.

ओट्यालगतची बंद खोली वापरण्याचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीने दिला आहे. मणीमाळा, दशकाचे दांडे, वजनकाटा, लिटरची मापे, खेळण्यातल्या नोटा, रंग व वीज मिळून खर्च ३६,००० रुपये; जमले ९,५००. चिंचोके, काजूबिया घरच्या आणाव्यात. शनिवारी तासभर मुलांसोबत बसायला निवृत्त शिक्षक, गवंडी, शिवणकाम करणाऱ्या ताई हव्यात. वर्गणी ग्रामविकास मंडळाच्या खात्यावर किंवा खजिनदारांकडे, पावती घेऊनच; मुंबईत नेहमीच्या विभागप्रमुखांकडे. मुदत गौरी विसर्जनापर्यंत.

आपला,
सचिव, ग्रामविकास मंडळ

ता. क. कपाट कृपया कोणी देऊ नये, दोन पडून आहेत. त्यांतल्या एकाची चावी कोणाकडे असेल तर तेवढी आणून द्यावी.