फॉरमॅट मारण्याआधी डिस्कचे आकडे दाखवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लॅपटॉप चालता चालता थिजतो, निळा स्क्रीन येतो, आपोआप पुन्हा सुरू होतो आणि दोन दिवसांनी परत तेच. असा लॅपटॉप सोलापुरातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला की बरेचदा काउंटरवरच निदान होते : ‘फॉरमॅट मारू, विंडोज नवीन टाकून देतो.’ आम्ही याच धंद्यातले आहोत, आणि तरीही सांगतो की डिस्क न तपासता फॉरमॅट मारू देऊ नका.

फॉरमॅटनंतर लॅपटॉप सुधारल्यासारखा वाटतो, फसगत होते ती इथेच. फिरत्या हार्ड डिस्कमधला एखादा सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचा छोटा कप्पा, वाचता येईनासा झाला की डिस्क त्याची नोंद ‘पेंडिंग’ म्हणून ठेवते. त्या जागी नवे काही लिहायची वेळ आली की ती लिहून पाहते, आणि जमले नाही तर तो सेक्टर कायमचा बाद करून राखीव साठ्यातला दुसरा वापरते. नवीन विंडोज टाकताना यातले बरेच सेक्टर असे परस्पर निकाली निघतात. पेंडिंगचा आकडा उतरतो, बाद सेक्टरांचा चढतो आणि काही आठवडे बरे जातात. मग शेजारचे सेक्टर जाऊ लागतात. तोवर टॅलीचा डेटा, मुलांचे प्रोजेक्ट आणि घरचे फोटो फॉरमॅटमध्ये गेलेले असतात.

बिघाड डिस्कचा आहे हे लॅपटॉप बंद कसा पडतो त्यावरून बऱ्यापैकी कळते. माउसचा बाण हलतो, पण कशावरही क्लिक केले तरी उघडत नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते आणि खाली वेग मात्र शून्याच्या आसपास. डिस्क तोच खराब सेक्टर पुन:पुन्हा वाचायला झटत असते. विंडोज मेमरीतला काही भाग डिस्कवर ठेवते. तो परत मागितला आणि मिळालाच नाही, तर ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ दाखवून थांबते. ‘क्रिटिकल प्रोसेस डाइड’ हाही संदेश अशा वेळी येतो. निळ्या स्क्रीनवरची टक्केवारी ० वरच अडकली, तर डिस्क मध्येच गायब झाल्याचा संशय घ्यावा, कारण बिघाडाची नोंद लिहायलाही तीच लागते.

उष्णतेने बंद पडणारा लॅपटॉप वेगळा ओळखू येतो. तो निळा वगैरे न होता दिवा विझावा तसा विझतो. आपल्याकडे हे बरेच. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर, त्यात यंत्रमागाच्या भागात हवेत सुताचे बारीक तंतू. पंख्याच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर त्यांची चक्क गादी बसते. पंखा फिरताना ऐकू येतो, हवा मात्र बाहेर येत नाही. ती गादी काढल्याशिवाय डिस्कला दोष देऊ नये. निळ्या स्क्रीनवर दर वेळी निराळाच संदेश येत असेल तर आधी रॅम तपासावी. मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी रात्रभर चालवली की पुरते.

विंडोज घडामोडींच्या नोंदी जिथे दाखवते त्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘सिस्टीम’ची नोंदवही उघडली की लाल खुणेचा ‘कर्नल पॉवर ४१’ पाहून पुष्कळजण पॉवर सप्लायच्या मागे लागतात. ४१चा अर्थ इतकाच की लॅपटॉप नीट बंद झाला नव्हता. कारण त्याच्या आधीच्या पाच-दहा मिनिटांत शोधायचे. ‘डिस्क’ या नावाने ७ क्रमांक असेल तर खराब ब्लॉक, १५३ असेल तर वाचन-लेखनाची मागणी पुन्हा करावी लागली, आणि डिस्कच्या ड्रायव्हरच्या नावाने (उदा. ‘स्टोरएएचसीआय’) १२९ असेल तर डिस्क उत्तर देईना म्हणून तिला रीसेट करावे लागले.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडून डिस्कचे ‘स्मार्ट’ आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, पाहावेत. ०५ म्हणजे बाद झालेले सेक्टर, सी५ म्हणजे पेंडिंग, सी६ म्हणजे वाचता न आलेले. शेवटच्या रकान्यातले आकडे मुळात सोळाच्या पद्धतीत असतात, त्यामुळे ‘१८’ दिसले तर ते २४ समजावेत. सेटिंगमध्ये दशमान पद्धत निवडता येते. सी५ शून्य नसेल तर डिस्क उतरणीला लागली असे धरून चालावे, मग विंडोज तिला ‘ओके’ म्हणत असली तरी.

सी७ची गोष्ट निराळी. तो वाढत असेल तर दोष बहुधा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या पातळ पट्टीसारख्या केबलचा किंवा कनेक्टरचा असतो. केबल बदलल्यावरही हा आकडा खाली येत नाही, पुढे वाढतो का एवढेच पाहायचे. डिस्कपेक्षा केबल कितीतरी स्वस्त पडते, म्हणून डिस्क बदलण्याआधी हे पाहायलाच हवे.

एनव्हीएमई एसएसडीत, म्हणजे नव्या लॅपटॉपमधल्या फिरता भाग नसलेल्या चिपच्या डिस्कमध्ये, हे क्रमांक नसतात. तिथे ‘मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स’ आणि ‘क्रिटिकल वॉर्निंग’ दोन्ही शून्य हवेत. तब्येत ९८ टक्के दिसते म्हणून निर्धास्त राहू नये. तो आकडा प्रामुख्याने झिजेचा आहे, आणि कंट्रोलर (तिचा कारभार पाहणारी चिप) बिघडलेली एसएसडी खडखडाट न करता एका क्षणात नाहीशी होते. बॅटरी मेलेली, लॅपटॉप थेट चार्जरवर आणि त्यात वीज गेली, की ‘अनसेफ शटडाउन्स’चा आकडा एकाने वाढतो. लिहिणे चालू असताना असे होणे कुठल्याच डिस्कला मानवत नाही.

आकडे वाईट निघाले तर आधी डेटा काढायचा, तोही वेगळ्या डिस्कवर. दुसरीकडे कुठे नाहीत अशा छोट्या फायली आधी, सिनेमे शेवटी. एखाद्या फोल्डरवर अडकले तर ते सोडून पुढे जावे. या अवस्थेत चेकडिस्क ही विंडोजची डिस्क-तपासणी ‘आर’ पर्यायाने चालवणे म्हणजे दमेकऱ्याला जिना चढायला लावणे. ती अख्खी डिस्क घासून वाचते. कॉपी जमत नसेल तर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी प्रणाली पेन ड्राइव्हवरून सुरू करून डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर वापरावे. ते चांगला भाग आधी उचलते आणि खराब भागाकडे नंतर वळते. ‘टक-टक’ आवाज येत असेल तर तेही नको. लॅपटॉप बंद करून डिस्क थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्यावी. ती उघडू नये, फ्रीजमध्येही ठेवू नये, आत दव धरते.

तरीही शंका असेल तर डिस्क काढून लॅपटॉप त्याच पेन ड्राइव्हवरून दोन-तीन तास चालवावा. तरी बंद पडला तर डिस्क निर्दोष. विंडोज ११च्या लॅपटॉपवर बहुतेकदा बिटलॉकर हे डिस्कवरच्या डेटाला लागणारे विंडोजचे कुलूप चालू असते, म्हणून डिस्क काढण्याआधी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून घ्यावी. ती नसेल तर चांगल्या डिस्कवरचा डेटाही कुलूपबंद राहतो.

दुकानदारांना आमची विनंती आहे की दुरुस्तीच्या बिलावर ०५, सी५ आणि सी७ हे तीन आकडे लिहून द्यावेत. एनव्हीएमई एसएसडी असेल तर ‘मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स’ आणि ‘क्रिटिकल वॉर्निंग’ हे दोन. पाच मिनिटांचे काम आहे. आणि ग्राहकांनी बदललेली जुनी डिस्क मागून घ्यावी. वॉरंटीत ती कंपनीला परत द्यावी लागते, बाकी वेळी तिच्यावर आपला डेटा असतो.

आपले,
लॅपटॉप दुरुस्ती करणारे दोन तंत्रज्ञ, सोलापूर