'पितळी गोळा' एवढीच चिठ्ठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात उत्तरेकडे गेलो असता एका संग्रहालयात ताऱ्यांचा मुघलकालीन गोल पाहिला. काचेखाली चिठ्ठी एवढीच : 'पितळी गोळा, १७ वे शतक'. माझा जन्म ओताऱ्याच्या घरातला. ते वाचून जीव हळहळला.

सांध्याची रेघ कुठे दिसते का, म्हणून पेटीभोवती दोनदा फिरलो. नाहीच दिसली. स्पेनमधल्या वालेन्सियात इब्राहिम इब्न सईद अल्-सहली याने १०८५ मध्ये केलेला गोल आज फ्लॉरेन्सला आहे; तो दोन अर्धे जोडून केलेला. आपल्या उपखंडातल्या कारागिरांनी मात्र अख्खा पोकळ गोल एकसंध ओतला. अली काश्मिरी इब्न लुकमानचा तसा गोल १५८९-९० चा आहे. पुढे लाहोरच्या उस्ताद अल्लाहदादच्या घराण्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालले. पणतू झियाउद्दीन मुहम्मद त्यातला मोठा कारागीर.

असा गोल ओतायची रीत अशी : मातीचा गाभा, त्यावर सगळीकडे सारख्या जाडीचे मेण, वरून पुन्हा मातीचा लेप. आच दिली की मेण वाहून जाते, त्या जागी पितळेचा रस. घंटेला निदान खाली तोंड असते, गाभा तिथे टेकतो. इथे गोल चहूकडून बंद! गाभा आत अधांतरी धरायचा तो खिळ्यांवर. नंतर ती भोके बुजवून, घासून इतकी सारखी करायची की बोटालाही लागू नयेत. वडील म्हणायचे, "गाभा केसभर हलला की माल भंगारात." त्यांना हा गोल दाखवायला हवा होता.

मग कोरीव काम. सुमारे हजार तारे, अनेक गोलांवर चांदीच्या टिकल्या बसवलेले. तारा तेजस्वी तेवढी टिकली मोठी. तारे काळाच्या ओघात सरकतात, म्हणून समरकंदला तिथल्या खगोलवेत्त्या सुलतान उलुगबेगने केलेल्या १४३७ च्या यादीतल्या जागांत आपल्या सालापुरती भर घालून ते मांडायचे. शिवाय आपण आकाश आतून पाहतो, गोल बाहेरून. त्यामुळे सप्तर्षींची शेपटी गोलावर उलट्या बाजूला वळते.

अशा गोलांवर कारागीर बहुधा आपले नाव आणि साल कोरून ठेवत. ते वाचून चिठ्ठीवर लिहावे, शेजारी बुजवलेल्या एका भोकाचे मोठे छायाचित्र लावावे, एवढीच संग्रहालयांना विनंती. आपल्या रविवारच्या पुरवणीत या ओतकामावर सचित्र लेख आला तर आमच्या आळीतली जुनी माणसे तो जपून ठेवतील.

आपला,
एक वाचक, नाशिक