काहीही न गाळता शिकवल्याबद्दल

आदरणीय लाओशी (गुरुजी),
सादर नमस्कार.

पत्र मराठीत आहे, तेव्हा तुमची सगळी भिस्त वीचॅट या चिनी ॲपच्या भाषांतरावर. थोडं वेडंवाकडं होईल, चालवून घ्या. इकडे 'ताईची' ही चिनी युद्धकला शिकणाऱ्यांनीही ते वाचावं, म्हणून उघडच लिहितेय.

चीनमध्ये झेंगझोऊला एमबीबीएससाठी आलेल्या लातूरच्या मुलीला तुम्ही बागेत ताईची शिकायला उभं करून घेतलंत, वर फीचं नावही काढलं नाहीत. त्याचे आभार आहेतच. पण खरे आभार मानायचेत ते लाओजिया यीलू, म्हणजे चेन शैलीच्या ताईचीतला हालचालींचा जुना क्रम, अख्खं शिकवल्याबद्दल.

पलीकडच्या घोळक्यात चोवीस हालचालींचं ताईची चालायचं. 1956 मध्ये सरकारी क्रीडा खात्याने ताईचीच्या यांग शैलीतली पुनरावृत्ती काढून ते बसवलं. पाच-सहा मिनिटांत संपतं. त्याला नावं ठेवणार नाही, त्यामुळेच तर ताईची घरोघरी पोचलं. परीक्षा तोंडावर असताना मलाही तेच हवं होतं. तुम्ही सत्तरहून जास्त हालचालींचं जुनं ताओलू (हालचालींचा ठरलेला क्रम) पुढ्यात ठेवलंत.

त्यातली 'लान झा यी' अजून अंगात आहे. उजवा हात लांब उजवीकडे जातो, डावा कमरेवर येतो. कामाला लागताना बायका पदर खोचतात ना, तसं. सोळाव्या शतकात चिनी सेनापती छी जिगुआंग यांनी बत्तीस पवित्रे नोंदवून ठेवले, त्यांत पहिला हाच. माझा हात छान गेला तरी तुम्ही त्याच्याकडे बघायचाच नाहीत. जांघेच्या सांध्याशी बोट टेकवून विचारायचात, "इथून निघालं का?" पीळ टाचेपासून चढत कंबर, पाठ, खांदा, कोपर असं करत बोटांपर्यंत पोचायला हवा. एकच हालचाल ताओलूत पुन्हा पुन्हा का येते, ते तिथे कळलं. दर वेळी वेगळ्या पवित्र्यातून तिच्यात शिरावं लागतं, आणि पीळ कुठे तुटतो ते लगेच उघडं पडतं.

आणि 'दिए छा'! एक पाय पुढे पसरून, दुसरा गुडघा दुमडून थेट जमिनीवर. वयामुळे तुम्ही स्वतः ती उंचावरूनच करायचात, पण मला मात्र पार खाली बसवलंत. "उंच कर, पण आधी खालचं येऊ दे. नाहीतर तुझ्या शिष्यांना तेवढंच असतं असं वाटेल."

हा हट्ट चेन शैलीचे जुने गुरू चेन झाओपी यांचा, असं तुम्ही सांगायचात. 1958 मध्ये ते चेनजियागोऊला, चेन शैलीच्या मूळ गावी, परतले तेव्हा गावात शिकवणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. सांस्कृतिक क्रांतीत त्यांचा छळ झाला, तरी 1972 मध्ये निधन होईपर्यंत पोरांना शिकवत राहिले. चेन शियाओवांग, चेन झेंगलेई हे पुढे नावाजलेले गुरू त्यांच्याच हाताखालचे. "मी त्यांच्या मागच्या रांगेत," हे तुमचं ठरलेलं वाक्य. युनेस्कोने 2020 मध्ये ताईचीला वारसा यादीत घेतलं, आनंदच आहे. पण यादीत नाव लागल्याने कुणाची कंबर वळत नाही. ती मागच्या रांगेतल्यांनीच वळवून घेतली.

आता लातूरला माझ्याकडे दोघं येतात. त्यातल्या थोरल्याचा गुडघा जुना दुखरा आहे, 'दिए छा'ला कुरकुरतो. डॉक्टर म्हणून मी त्याला खाली बसू देणार नाही. शिष्या म्हणून काय करू, ते तुम्ही सांगा. त्याचा व्हिडिओ तुमच्या नातवाला पाठवला आहे.

तुमची,
लातूरची विद्यार्थिनी