लाल पाण्याच्या बाटलीला कुत्रे घाबरत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोसायट्यांच्या फाटकांवर, दुकानांच्या पायऱ्यांवर, उभ्या गाड्यांच्या चाकांपाशी रंगीत पाण्याच्या बाटल्या अजूनही दिसतात. पाण्यात कुंकू किंवा नीळ कालवून बाटली दारात टांगली की कुत्री तिथे लघवी करत नाहीत, असा समज आहे. कुत्र्याच्या डोळ्याची रचना पाहिली तर त्याला काही आधार सापडत नाही.

रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी माणसात तीन प्रकारच्या असतात, कुत्र्यात दोनच. नाइट्झ, गाइस्ट आणि जेकब्ज या संशोधकांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्या दोन पेशी साधारण ४२९ (जांभळट निळा) आणि ५५५ (पिवळट हिरवा) नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात, असे आढळले. म्हणजे कुत्र्याला फक्त काळे-पांढरे दिसते हेही खोटेच. निळा आणि पिवळा त्याला नीट कळतात. मिटतो तो लाल-हिरव्यातला फरक. ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर हिरवा त्याला करडा भासतो. त्यापुढचे हिरवा, नारिंगी, लाल हे सगळे पिवळट-मातकट छटांत जमा होतात. गडद लाल प्रकाश तर त्याच्या डोळ्याला फार क्षीण जाणवतो, म्हणून कुंकवाचे पाणी त्याला काळपट, गढूळ दिसत असणार. निळीचे पाणी ठळक दिसते, पण ठळक दिसले म्हणून भीती का वाटावी? नवी चकाकती वस्तू पाहून एखादे कुत्रे सुरुवातीला बिचकते. तिच्यापासून काही होत नाही हे कळले की तिथेच तंगडी वर करते.

(घरी कुत्रा असेल तर हिरवळीवर खेळायला निळा चेंडू घ्यावा. लाल चेंडू गवतात हरवतो आणि कुत्र्याला तो नाकाने हुडकावा लागतो.)

शिवाय त्याची नजर आपल्याइतकी तीक्ष्ण नाही. जो बारकावा माणसाला ७५ फुटांवरून दिसतो, त्यासाठी कुत्र्याला सुमारे २० फुटांपर्यंत यावे लागते. अंधुक प्रकाश आणि हालचाल यांत मात्र ते आपल्यापेक्षा सरस. स्थिर टांगलेल्या बाटलीत हलणारे काहीच नसते.

कुत्रे त्या जागी परत येते ते आधीच्या लघवीच्या वासामुळे. तेव्हा काढायचा तो वास. लघवी ताजी असेल तर आधी रद्दीने टिपून घ्यावी. वरून बादलीभर पाणी ओतले की ती फटींत पसरते. मग एन्झाइम असलेला क्लीनर मारून डब्यावर लिहिलेला वेळ जागा ओली ठेवावी, कारण लघवीतले युरिक अॅसिडचे स्फटिक नुसत्या पाण्याने निघत नाहीत. क्लीनर नसेल तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन दहा मिनिटे ठेवावे आणि धुवावे. पण शहाबादी, कडप्पा किंवा संगमरवरावर व्हिनेगर नको; हे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत, आम्लाने त्यांची झिलई जाते. अमोनियायुक्त क्लीनर टाळावा, त्याचा वास लघवीशी जुळतो. ब्लीच लघवीवर किंवा व्हिनेगरवर कधीही ओतू नये, विषारी वायू निघतो. फिनाइलने आपल्या नाकाचे समाधान होते. त्याखालचा वास कुत्र्याला लागतोच.

नर पाय वर करून खुणा करतो, म्हणून भिंत आणि खांब जमिनीपासून दोन फुटांपर्यंत धुवावेत. गाडीची चाके विसरू नयेत. दुसऱ्या गल्लीतल्या कुत्र्याची खूण टायरवर आपल्या दारात येते आणि इथले कुत्रे तिला उत्तर देते.

नसबंदी झालेल्या बऱ्याच नरांचे हे खुणा करणे कमी होते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस ही स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांचे कान बघावेत आणि खाच नसलेली किती आहेत ते मोजून पालिकेकडे लेखी अर्ज द्यावा.

आपला,
एक पशुवैद्यक