घमेल्यात वाळवलेली माती आणि 'बेंझिन आढळले नाही'

मा. संपादक,
स. न.

बंद पेट्रोल पंपाच्या जागेला 'माती स्वच्छ' असा दाखला मिळाल्याची कालची बातमी वाचली. बातमीपेक्षा सोबतचे छायाचित्रच जास्त बोलते. टिकावाने उकरलेली वरवरची माती घमेल्यात पसरलेली, डोक्यावर लख्ख ऊन. खाली मजकूर: नमुने वाळवून, चाळून, एकत्र करून प्रयोगशाळेत दिले. धन्य! पेट्रोलमधले विषारी बेंझिन ८० अंश सेल्सिअसला उकळते, पण उडून जायला त्याला उकळण्याची गरज नसते. घमेल्यातच ते हवेत गेले. उरलेली माती स्वच्छ निघाली यात नवल ते काय?

असे नमुने घेण्याची रीत ठरलेली आहे. बोअर मारून मातीचा गाभा अखंड वर काढायचा, उभा चिरायचा आणि आतल्या भागातून टोक कापलेल्या सिरिंजने साधारण ५ ग्रॅम माती तत्काळ उचलून मिथेनॉल असलेल्या, आधी वजन केलेल्या ४० मिलीच्या कुपीत सोडायची. कुपीच्या आट्यांवर मातीचा कण राहिला तर झाकण नीट बसत नाही आणि वाफ निसटते, म्हणून आटे पुसूनच झाकण लावायचे. मग बर्फाच्या पेटीत ४ अंशांच्या आसपास, आणि १४ दिवसांच्या आत तपासणी. कोणत्या खोलीचा नमुना पाठवायचा ते पीआयडी या हवेतल्या वाफा मोजणाऱ्या यंत्रावरून ठरवतात: थोडी माती झिपच्या पिशवीत घालून दहा मिनिटे थांबायचे आणि आतली हवा मोजायची. पावसाळी दमट हवेत हे यंत्र दगा देते, डिझेल तर त्याला धड कळतही नाही. त्यामुळे नुसत्या त्याच्या आकड्यावर विसंबायचे नसते. आणि दहा ठिकाणची माती एकत्र कालवली, तर एका ठिकाणचे दूषण उरलेल्या नऊंत विरघळून जाते. कालवण्याचा हेतू तोच असेल तर प्रश्न मिटला.

खोलीचे म्हणाल तर नमुने एक फुटावरचे! वीस हजार लिटरच्या आडव्या टाकीचा व्यास दोन मीटरच्या घरात, वर भराव; म्हणजे तळ जवळपास तीन मीटरवर. टाकी फुटते ती बहुधा तळाला, विशेषतः डिप रॉड (तेलाची पातळी मोजायची दांडी) वर्षानुवर्षे आदळतो तिथे, किंवा जोडाच्या शिवणीवर. त्याखेरीज पाइपांचे सांधे, डिस्पेन्सरच्या (गाडीत पेट्रोल भरायच्या यंत्राच्या) खालची जागा आणि टँकर रिकामा करण्याचे तोंड. बोअर तिथे हवेत. आपल्याकडे पेट्रोल एकदा मुरमात उतरले की कातळाच्या भेगा धरून आडवे सरकते. शिवाय ते पाण्यावर तरंगते. मे महिन्यात भूजल खाली, श्रावणात वर, त्यामुळे मधला सगळा थर तेलाने माखतो. बोअर उन्हाळी पातळीच्याही खाली गेला पाहिजे.

आता तुम्ही छापलेला तक्ता. सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश. तिथे सोसायटी होणार आहे की ऊस लावायचाय? बेंझिनपुढे 'बीडीएल', म्हणजे यंत्राला दिसते त्या मर्यादेच्या खाली; पण ती मर्यादा किती, तो रकानाच नाही. अमेरिकी पर्यावरण संस्थेची निवासी जागेसाठीची प्राथमिक पातळी किलोला सुमारे १.२ मिलिग्रॅम आहे. प्रयोगशाळेला पाचच्या खालचे दिसतच नसेल, तर 'बीडीएल' ला शून्य अर्थ. पेट्रोलमधलेच टोल्यूइन, इथाइलबेंझिन, झायलीन, डिझेलसाठी नॅफ्थलीन आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन यांचा पत्ता नाही. पंप २००० पूर्वीचा, म्हणजे शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातला. मातीत साचलेले शिसे उन्हात वाळवून उडत नाही. नेमके तेही तपासायचे राहिले.

दूषित जागांबाबतचे केंद्राचे नियम जुलै २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने करायची आहे. ही जागा त्या यादीत आहे का, एवढे तरी आपल्या वार्ताहरांनी विचारायचे होते.

जाता जाता: त्याच छायाचित्राच्या उजव्या कोपऱ्यात तळघराच्या खड्ड्यातून निघालेला एक निळा पाइप थेट पावसाळी गटारात सोडलेला दिसतो. त्या पाण्यावर तवंग आहे की नाही, हे छपाईत कळत नाही. तो पाइप सुरू आहे तोवर त्या पाण्याचा नमुना काठोकाठ भरलेल्या, आत बुडबुडा नसलेल्या कुपीत घ्यायला लावा. बाटलीबंद पाण्याच्या रिकाम्या बाटलीत नको.

आपला,
एक वाचक, पुणे