मोरा बंदरातल्या गाळाबद्दल बंदरे मंत्र्यांना खुले पत्र

मा. बंदरे मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सप्रेम नमस्कार.

या अमावास्येलाही उरणच्या मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच ओहोटीमुळे बंद राहिली. रो-रो जेटी (वाहनेही नेणाऱ्या बोटींचा धक्का) झाली की हा त्रास संपेल, असे आम्हा उरणकरांना सांगितले होते. तिच्या मुदती एकामागून एक उलटून गेल्या, लाँच मात्र अजून गाळात रुततेच आहे.

ओहोटी निसर्गाची आहे, हे उत्तर कृपया देऊ नका. मुंबई बंदरातली भरती कोळ्याचे पोरही बोटांवर काढते: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्येला, म्हणजे पंधराव्या तिथीला, सव्वाअकराच्या सुमारास. भरतीनंतर साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. म्हणजे पुनव-अवसेच्या उधाणात, पाणी सर्वांत खाली जाते त्या तीन-चार दिवसांत, सुकती नेमकी पहाटे पाच ते सात आणि संध्याकाळी पाच ते सात यांच्या आसपास येते. चाकरमान्यांची जायची-यायची हीच वेळ. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, सुकती दुपारी बाराला असते आणि तेव्हा पाणी फारसे उतरतही नाही. म्हणून धक्क्याजवळच्या खोलीची सरासरी आम्हाला दाखवू नका. उधाणाच्या सुकतीला लाँचच्या बुडाखाली किती पाणी उरते, एवढाच आकडा कामाचा आहे.

गाळ एकदा काढून भागत नाही, हे तुमच्या अभियंत्यांना आमच्याइतकेच ठाऊक असणार. खाडीचा गाळ पिठासारखा बारीक. धक्क्याच्या आडोशाला पाणी संथ झाले की तो खाली बसतो, आणि उकरलेला खड्डा तर आधी भरतो. काढलेला गाळ जवळच टाकला तर भरतीबरोबर परत येतो. पावसाळ्यात वरून मातीची भर. त्यामुळे दरवर्षी पावसाळा सरल्यावर गाळ काढणे, त्याआधी आणि नंतर खोली मोजणे, आणि वर्षभराच्या देखभालीची जबाबदारी त्याच ठेकेदारावर ठेवणे, एवढे तरी हवे. पुढे खोल पाण्यात तरंगता धक्का आणि तिथवर पूल दिला तर अर्धा प्रश्न सुटतो. आणि ज्या फेऱ्या सुकतीमुळे रद्द होणार, त्यांचे वेळापत्रक महिनाभर आधी दोन्ही धक्क्यांवर लावा. पंचांग पाहून होणाऱ्या या कामाला निधी लागत नाही.

याच खाडीत, मोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, 15 मीटर पाणी लागणारी कंटेनर जहाजे न्हावा-शेव्याला लागतात. त्यांच्यासाठी समुद्राचा तळ खरवडला जातो, राखलाही जातो. आमच्या लाँचला त्याच्या पाव भागही खोली लागत नाही. मग कोणाच्या पाण्याला किंमत आहे?

रेल्वे आली, मान्य. खारकोपरपर्यंत 2018 मध्ये, उरणपर्यंत 12 जानेवारी 2024 ला. त्याच दिवशी अटल सेतूचेही उद्घाटन झाले. पण त्यावर दुचाकी आणि रिक्षा चालत नाहीत, आणि कारचा टोल मासळीची पाटी घेऊन निघालेल्या बाईला परवडणारा नाही. दक्षिण मुंबई गाठायला रेल्वेने आधी नवी मुंबईला वळसा, मग गाडी बदलणे. लाँच सरळ पाणी कापून तासाभरात पोचवते. मीठ, मासळी आणि माणसे याच वाटेने मुंबईला गेली, रूळ येण्याच्या कितीतरी आधीपासून.

बंदरासाठी, नव्या शहरासाठी जमीन आमची गेली. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार झाला, 5 शेतकरी हुतात्मे झाले. तेव्हापासून गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांसाठी इथली माणसे कचेऱ्यांचे उंबरे झिजवत आली. ज्यांच्या जमिनीवर देशाचे मोठे कंटेनर बंदर उभे राहिले, त्यांना स्वतःच्या बंदरातून सकाळी कामावर निघता येत नाही, याचा राग येतो, मंत्रिमहोदय. तो प्रत्येक उधाणाला येतो.

पुढची अमावास्या कॅलेंडरात छापलेली आहे. त्या दिवशी संध्याकाळच्या सुकतीला माणूस पाठवून मोरा धक्क्यावरची खोली मोजून घ्या आणि तो आकडा तिकीट खिडकीशेजारी लावा.

आपले,
उरणचे लाँच प्रवासी