फॉगला बदललं, औदाला गाळलं

महोदय,

जुन्या कादंबऱ्यांतल्या साहसवीरांना चित्रपटांनी दिलेल्या नव्या रूपांवरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडला. त्यात फिलिअस फॉग मात्र नव्हता. मी कल्याणचा, शिवाय रेल्वेतून निवृत्त झालेला सेक्शन कंट्रोलर (ठरलेल्या पट्ट्यातल्या गाड्यांची ये-जा सांभाळणारा), त्यामुळे चुटपुट लागली. ज्यूल व्हर्नच्या १८७३ सालच्या ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ या कादंबरीत ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची पैज लावलेल्या फॉगची गाडी कल्याणवरूनच जाते आणि या गृहस्थाचं एकमेव हत्यार म्हणजे वेळापत्रक!

मुंबईच्या स्टेशनात ताटात ससा म्हणून भलतंच काही येतं, तेव्हा तो मालकाला बोलावून शांतपणे विचारतो, मारताना हा ससा म्याँव म्हणाला नाही का? पुढे बळजबरीनं सती दिल्या जाणाऱ्या औदाला सोडवायचं ठरवतो, तेही हाताशी बारा तास शिल्लक आहेत म्हणून. तुम्हाला काळीज आहे की, असं सोबती म्हणतो. फॉगचं उत्तर : कधीकधी, वेळ असला की. असा एक माणूस पावसाळ्यात आमच्या कंट्रोल ऑफिसात हवा होता.

२००४च्या चित्रपटानं त्याला धांदरट संशोधक करून टाकलं. जॅकी चॅनच्या हाणामाऱ्या मी नातवासोबत मजेत पाहिल्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण औदा साफ गाळून तिच्या जागी एक फ्रेंच चित्रकार मुलगी का? १९५६च्या चित्रपटात डेव्हिड निव्हननं फॉगचा आब राखला होता. औदा मात्र अमेरिकन नटी शर्ली मॅक्लेन!

खरं तर नव्यानं घडवायची ती औदाच. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची शिकलेली मुलगी. (ती बुंदेलखंडच्या म्हाताऱ्या राजाला कशी दिली, हे व्हर्नच जाणे.) लंडनला पोचल्यावर पैज हरलो असं समजून फॉग बसून राहतो, तेव्हा लग्नाचं तीच विचारते. त्या लग्नाचं ठरवायला नोकर पाद्र्याकडे धावतो, म्हणून तर एक दिवस वाचल्याचं कळतं. औदा नसती तर पैज बुडालीच होती.

मुंबईतल्या एखाद्या निर्मात्यानं ही गोष्ट औदाच्या बाजूनं सांगावी. व्हर्नची रेल्वेची चूक मात्र सुधारू नये. मुंबई-कलकत्ता मार्ग १८७०मध्येच जोडला गेला होता; त्यानं १८७२च्या प्रवासात अलाहाबादच्या अलीकडे रूळ संपवले. ते जोडले, तर फॉगला हत्ती विकत घ्यावा लागणार नाही आणि औदाची गाठच पडणार नाही.

— एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, कल्याण